सर्वांच्या बोटांखालची काच

रुग्णालयात सर्वांत जास्त हात कशाला लागतात? दाराच्या मुठीला, पलंगाच्या कठड्याला, असे उत्तर पूर्वी कोणीही दिले असते. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू आली आहे. ती म्हणजे बोटाने चालणारा पडदा, टचस्क्रीन. रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर, औषध मोजून सोडणारा पंप, व्हेंटिलेटर, नर्सच्या हातातला टॅब्लेट, तळमजल्यावरचे टोकनचे यंत्र, या सगळ्यांवर एका पाळीत कितीतरी जणांची बोटे फिरतात. मग हा पडदा पुसायचा कोणी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात पुष्कळ मृत्यू आहेत.

त्याची सुरुवात व्हिएन्नात होते. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४०पासून पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे १० बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात सुमारे ४. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नको, म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. इमारत एकच, शहर एकच, हवाही तीच. मग हा फरक कशाने पडत होता?

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक होता. मार्च १८४७मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेचका वारले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात जी लक्षणे दिसली, तीच बाळंतज्वराने गेलेल्या बायकांच्या शरीरात दिसत. सेमेलवाइसच्या लक्षात आले, की विद्यार्थी आणि डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिगृहात येतात आणि येताना हातावरून मृत्यू घेऊन येतात. सुइणी शवागारात जात नसत. मेच्या मध्यावर त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. पुढे त्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरात आली. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बायका गेल्या होत्या. जूनमध्ये तो आकडा जेमतेम २वर आला.

ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १८४७मध्ये त्या विभागात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण दाखल झाली. तिच्या जखमेतून स्राव होत होता. फेरी जिथून सुरू होई, ती खाट तिला मिळाली. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी फक्त साबणाने हात धुतले आणि ते पुढे गेले. त्या वेळी प्रसूत होत असलेल्या १२ बायकांपैकी ११ दगावल्या. दोष केवळ मृतदेहाचा नाही, जिवंत रुग्णाकडूनही तो दुसऱ्याकडे जातो, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यानंतर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात धुण्याचा नियम आला. पुढे पेस्टच्या रुग्णालयात त्याला आणखी एक वाट सापडली. ती होती नीट न धुता परत आलेल्या चादरींची. विचार अशा रीतीने हातावरून वस्तूवर आला.

आपल्या समाजाला स्पर्शाची भीती काही नवी नाही. पण शिवाशिवीने ‘शिवले कोणी?’ एवढेच विचारले. त्या भीतीने माणसे वेशीबाहेर ठेवली, पाण्यापासून तोडली. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. व्हिएन्नातल्या डॉक्टरने नेमके उलटे केले. त्याने रुग्ण बायकांकडे बोट दाखवले नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिले. स्वच्छतेचे शास्त्र आणि विटाळाची कल्पना यांतला फरक मला इथे दिसतो. शास्त्र माणसाची जात विचारत नाही. हाताने आधी कशाला स्पर्श केला आणि आता कशाला करणार, एवढेच ते विचारते.

सेमेलवाइसचे कोणी फारसे ऐकले नाही. त्याने ग्रंथ लिहिला तोच १८६१ साली, आणि विरोधकांना फार कडवट पत्रे लिहिली. १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो मनोरुग्णालयात रक्तदोषाने वारला. त्याच्या आदल्या दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले होते.

वस्तूंची प्रतवारी लागायला मात्र आणखी शतक गेले. १९६८मध्ये अमेरिकेतल्या अर्ल स्पॉल्डिंग यांनी रुग्णालयातल्या उपकरणांचे तीन वर्ग मांडले. शरीरात शिरणारी उपकरणे पहिल्या वर्गात, नाजूक अंतस्त्वचेला लागणारी दुसऱ्यात आणि धडधाकट कातडीलाच लागणारी तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गाचा धोका सर्वांत कमी मानला गेला. टचस्क्रीन याच शेवटच्या पायरीवर बसतो. शिवाय तो रुग्णालयात आला कार्यालयीन सामान म्हणून. त्याचा जन्म इंग्लंडमध्ये १९६५च्या सुमारास विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी झाला. तिथे जखमा नव्हत्या, की हातमोजे नव्हते.

हातांच्या बाबतीत दरम्यान मोठी प्रगती झाली. जिनिव्हाच्या रुग्णालयात दिदिये पिते यांनी बेसिनऐवजी खाटेजवळच अल्कोहोलचे द्रावण ठेवले. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाणही बरेच घटले. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शिका काढली. तिच्यात धर्म आणि अल्कोहोल यांवरही विचार आहे. आमच्याकडे पाच वेळा वजू करणाऱ्या माणसाला हात धुण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही, पण अल्कोहोल म्हटले की तो थबकतो. मक्केच्या फिक्ह परिषदेने २००२ सालीच जंतू मारण्यासाठी अल्कोहोल शरीराच्या बाहेरून वापरण्यास मोकळीक दिली होती. प्रश्न जिवाचा असेल, तर वाट निघते.

आता पुन्हा पडद्याकडे येऊ. हात स्वच्छ केला आणि रुग्णाला लावण्याआधी मळक्या काचेला लावला, तर धुणे वाया गेले. हातमोजा घातलेले बोटही तेच करते. २०२०मध्ये आपण भाजीपालासुद्धा धुतला. पुढे कळले, की करोना मुख्यतः हवेतून पसरतो. पण रुग्णालयातले कितीतरी चिवट जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस टिकतात, हेही खरे. काचेवर बोटांचे डाग बसू नयेत म्हणून लावलेला थर तीव्र द्रावणाने झिजतो. त्यामुळे उत्पादक बराच काळ जंतुनाशके नकोच म्हणत. ॲपल कंपनीने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या फडक्याला मान्यता दिली, ती मार्च २०२०मध्ये.

करायचे काम अवघड नाही. पडदा बंद किंवा कुलूपबंद करावा, नाहीतर पुसता पुसता एखादी भलतीच सूचना दिली जायची. उत्पादकाने मान्य केलेलेच द्रावण घ्यावे. ते थेट न फवारता फडक्यावर घ्यावे. कडा आणि मागची बाजू विसरू नये. आणि द्रावणाच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ काच ओली राहू द्यावी. लगेच कोरडी केली, तर चमक येते, जंतू मरत नाहीत. जुलाबाच्या एका आजारातल्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथे बहुधा क्लोरीनच लागतो, तोच व्हिएन्नातला.

खरी अडचण द्रावणाची नाही, सामाईकपणाची आहे. सफाई कामगार लादी पुसतो, पण विजेच्या यंत्राला हात लावायला बिचकतो. नर्सला वाटते हे संगणक विभागाचे काम, आणि त्या विभागाला वाटते वॉर्डाचे. सर्वांची वस्तू अशी कोणाचीच राहत नाही. सेमेलवाइसने हात धुणे चांगले असते, एवढे सांगून सोडले नव्हते. प्रसूतिगृहात शिरण्याआधी प्रत्येकाने धुतलेच पाहिजेत, असा नियम घातला होता. प्रत्येक पडद्यामागे एक नेमलेला माणूस, ठरलेली वेळ आणि नोंदवहीतली एक सही, एवढी व्यवस्था कुठल्याही रुग्णालयाला परवडण्यासारखी आहे. ती न करण्याची किंमत खाटेवरचा माणूस देतो, आणि बहुतेकदा त्याला ते कळतही नाही.