गटप्रकल्पाला मिळालेली श्रेणी नेमकी कुणाची?

समजा, चौथीतल्या पाच मुलांनी मिळून ‘आपल्या गावातलं पाणी’ हा प्रकल्प केला. फाईल देखणी झाली. पण घरोघरी जाऊन माहिती आणली दोघांनी, अक्षर चांगलं म्हणून लिहिलं तिसरीने, चौथ्याच्या घरी प्रिंटर होता आणि पाचवा गटात फक्त नावाला. श्रेणी मात्र पाचही जणांना एकच मिळाली. असे प्रकल्प तपासताना शिक्षकांपुढचा खरा पेच हाच असतो.

नियम काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार मुलाला काय समजलं आणि ते त्याला वापरता येतं का, याचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हायला हवं. महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने ही पद्धत लागू झाली. तिचे दोन भाग आहेत: वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित मूल्यमापन. प्रकल्प हे आकारिकचं एक साधन. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६० टक्के ठरला.

म्हणजे काम गटाने करायचं, पण नोंदवहीत नोंद प्रत्येक मुलाची स्वतंत्र करायची. घोळ होतो तो इथेच.

फाईलमध्ये काय दिसत नाही?

फाईल पाहून कष्ट कुणाचे हे कळत नाही. स्टेशनरीच्या दुकानातली तयार चित्रं आणि रात्री जागलेली आई, दोन्ही त्या फाईलमागे असू शकतात. (लॅमिनेशनला गुण द्यावेत असं कुठल्याही नियमात नाही, तरी ते मिळतात.)

गटात काही जण मागे राहतात हा फक्त मुलांचा आळस नव्हे. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढणाऱ्या माणसांवर प्रयोग केले होते. माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हा त्यांचा निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला वाटा वेगळा मोजला जाणार नसेल, तर हात सैल सुटतो.

मग तपासायचं काय?

सुरुवात प्रश्नापासून. ‘पाण्याचं महत्त्व’ हा निबंधाचा विषय झाला. ‘आमच्या गल्लीतल्या दहा घरांत रोज किती हंडे पाणी लागतं?’ हा शोधता येणारा प्रश्न आहे. तो मुलांनी स्वतः काढला की शिक्षकांनी दिला, हेही नोंदवावं.

दुसरी गोष्ट कच्ची वही. खाडाखोड, चुकलेल्या बेरजा, कुणी कुठल्या घरी विचारलं, सगळं तिच्यात सापडतं. एका घराने ४ हंडे सांगितले आणि शेजारच्याने ४०, तेव्हा गटाने काय केलं? आकडा तसाच लिहिला, की पुन्हा जाऊन विचारलं? संशोधन कळलं की नाही, ते फाईलच्या मुखपृष्ठापेक्षा या एका उत्तरातून जास्त समजतं.

शेवटी तोंडी प्रश्न. चिठ्ठी टाकून गटातल्या कुणालाही उभं करायचं. पाड्यावरचं मूल भिली किंवा गोंडीत छान सांगत असेल आणि प्रमाण मराठीत अडखळत असेल, तर गुण भाषेचे कापायचे नाहीत. त्याला त्याच्या बोलीत सांगू द्यावं आणि गटातल्या दुसऱ्याने ते मराठीत मांडावं.

मुलांनीच एकमेकांना गुण द्यावेत का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायांनी केलेलं मूल्यमापनही असावं. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ‘दहापैकी गुण द्या’ म्हटलं, तर दोस्ताला दहा आणि काल भांडलेल्याला दोन मिळतात. त्यापेक्षा ‘तुला कुणाची मदत झाली? कशात?’ एवढं विचारलं, तर अबोल मुलांची नावंही पुढे येतात.

एवढा वेळ आहे कुठे?

दोनशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. तिथे रोज सगळ्यांची नोंद अशक्यच. दिवसाला तीन-चार मुलं ठरवून त्यांच्याबद्दल एकेक ओळ लिहिली, तर तीस मुलांचा वर्ग दहा दिवसांत पूर्ण होतो.