खावटी : सावकाराची, संस्थेची आणि सरकारची

आमच्या नातेवाइकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष दिवाळीला कुठल्या ना कुठल्या संस्थेला देणगी पाठवतो. दुसरा म्हणतो, "हे काम सरकारचं आहे, आपण कर भरतो तो कशासाठी?" दोघांनाही मी एकच शब्द सांगतो : खावटी. आमच्या कर्जत-खालापूर भागात या एका शब्दाचा इतिहास पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो.

खावटी म्हणजे पोटापुरतं उसनं घेतलेलं धान्य. भात दिवाळीच्या सुमारास घरात येतं. डोंगराकडेच्या ठाकूर कुटुंबाचं भात आणि नाचणी कशीबशी होळीपर्यंत पुरते. मग मिळेल ती मजुरी, करवंदं, जांभळं. आषाढात मात्र कणगी रिकामी आणि लावणीचं काम डोक्यावर. अशा वेळी सावकाराकडून भात आणायचं आणि सुगीला वाढीदिढीने फेडायचं. मणाला दीड मण ही त्यातल्या त्यात सभ्य बोली. दुप्पटही घेतलं जाई. खळ्यावरचं भात घरी येण्याआधीच वाटेला लागायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच दार.

कातकऱ्यांची गत आणखी वाईट. बहुतेकांना जमीनच नाही, त्यामुळे उचल घ्यायची ती वीटभट्टीवाल्याकडून आणि फेडायची अंगमेहनतीने. मी याच भागात मास्तर होतो. दिवाळीची सुट्टी संपली की हजेरीपटात कातकरी मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत, त्या पावसाच्या तोंडावर थांबत. बापाचं कर्ज मुलाच्या हजेरीत असं वाचता येई.

भाई कोतवाल म्हटलं की सर्वांना सिद्धगड आठवतो. २ जानेवारी १९४३ रोजी ते आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पण माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबातला हा वकील भूमिगत होण्यापूर्वी काय करत होता, हे कमी सांगितलं जातं. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या सुरू केल्या. सरकार परकं होतं. त्याच्याकडे मागण्यापेक्षा आपली कोठी आपण भरावी, हा विचार.

त्याच काळातली शेजारच्या ठाणे जिल्ह्यातली गोष्टही पाहण्यासारखी आहे. बाळासाहेब खेर १९३७ ते १९३९ मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत). आदिवासींच्या हलाखीवरचा सायमिंग्टन यांचा सरकारी अहवाल १९३९ चा. सत्ता सोडल्यावर खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढलं. सरकारात राहून जे दिसलं, त्यासाठी बाहेर पडून संस्था उभारावी लागली!

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, पण खावटी सावकाराचीच राहिली. १९७२ मध्ये राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. १९७८ पासून राज्य सरकारने स्वतःच खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. सावकाराच्या जागी महामंडळ आलं, हे पाऊल लहान नव्हतं. पण भूक मृगाबरोबर येते; मंजुरी आणि कागद तिच्या वेगाने येतातच असं नाही. शिवाय सरकारी कर्ज फेडायचं कशाला, अशी भावना असतेच. पुढे कर्जमाफीची पाळी आली ती उगाच नव्हे.

या दोन टोकांच्या मध्ये कर्जत तालुक्यात एक प्रयोग झाला. कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका सुरू केल्या. रीत साधी. सुरुवातीचं धान्य पाड्याला मिळायचं. पावसाळ्यात गरजेप्रमाणे न्यायचं, सुगीला थोड्या वाढीसह परत आणायचं. वाढ सावकाराच्या घरी न जाता पाड्याच्याच कोठीत पडायची, म्हणजे दरसाल कोठी मोठी. माप पाड्याचं, हिशेब पाड्याचा, आणि बुडवायचं तर ते शेजाऱ्याचं बुडवायचं. कोतवालांची कोठी नव्या रूपात आली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पुढे सरकारही याच वाटेला आलं. केंद्राने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली, २००४ मध्ये ती अन्न खात्याकडे गेली. तीस-चाळीस कुटुंबांची एक बँक, कुटुंबामागे एक क्विंटल धान्य. एका तालुक्यातली संस्था जे चार पाड्यांवर करते, ते देशभर न्यायचं बळ सरकारकडेच असतं. पण पाड्याचा एकमेकांवरचा विश्वास काही क्विंटलात मोजून पाठवता येत नाही.

तिसरा मार्ग न्यायालयातून गेला. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २ मे २००३ च्या आदेशाने कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना अंत्योदय कार्ड देण्यास सांगितलं गेलं. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला, जानेवारी २०२३ पासून त्यातलं धान्य मोफत झालं. इथे संघटनेने पोतं वाटलं नाही, सरकारला त्याच्या कर्तव्याची आठवण दिली. २०२० मध्ये तर राज्याच्या खावटी कर्जाचं अनुदान झालं : कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू.

मग आता संस्थांचं काम संपलं का? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २२८ वस्तीच्या वाडीतले २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वर रस्ता नव्हता, यंत्रं चढेनात. पावसात पायी चढून गेलेल्यांत सरकारी जवान होते तसे स्वयंसेवी गिर्यारोहकही होते. दोघांचीही गरज होती. पण नवी घरं बांधायला जागा आणि सिडको लागली. ते देणगीतून होणारं काम नव्हे.

म्हणून नातेवाइकांच्या दोन्ही पक्षांना माझं म्हणणं असं : तांदूळ देणं आता सरकारचं काम आहे, तो मिळतो की नाही हे पाहणं आपलं. जातीचा दाखला, रेशनकार्ड, भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळा यांसाठी जो माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवतो, त्याच्या एस.टी.च्या भाड्याला पैसे द्या. फोटो चांगला येणार नाही, पण काम होईल.

आणि सर्वांत मोठं काम अजून बाकीच आहे. आमच्याकडच्या कितीतरी कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. फार्महाऊस आले, जमिनीला सोन्याचा भाव आला, कुंपणं जवळ सरकू लागली. २०२३ मध्ये केंद्राने आदिम जमातींसाठी जनमन योजना आणली, तीत पक्की घरं आहेत. पण घर बांधायचं कुठे? पायाखालची जागा गावठाण म्हणून नोंदली गेली तरच घराला अर्थ. ती नोंद कुठलीही संस्था करू शकत नाही, ती सरकारनेच करायची. आणि माझा अनुभव असा, की कुणीतरी मागे लागल्याशिवाय ती होत नाही.