दुसऱ्याचा धूर

२००२ साली मी सरकारी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खोलीत चौघे बसत होतो. सिगारेट ओढणारे एकटे हेडक्लार्क, पण धूर चौघांचा. मी टेबल खिडकीपाशी ओढलं, पंखा फुल केला. खोकला काही हटला नाही.

गंमत अशी की गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा १९९७ चाच आहे. डॉ. शरद वैद्य यांनी इथे तंबाखूविरुद्ध जी चळवळ उभी केली, तिचा त्यात मोठा वाटा. कायदा होता, पण आमच्या खोलीत तो कुणी आणला नव्हता.

न ओढणाऱ्याचं दुखणं मुळात जगानेच उशिरा ऐकलं. १९८१ साली, मी पाळण्यात असताना, जपानच्या ताकेशी हिरायामा यांचा अभ्यास छापून आला. स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची त्यांनी चौदा वर्षं नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे खूप ओढत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. सिगारेट कंपन्यांनी त्यावर मोठा गदारोळ केला, पण पुढच्या अभ्यासांनी तेच दाखवलं.

आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक जागी ओढणं बेकायदा ठरवलं. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी कचेऱ्या, इस्पितळं, शाळा, ग्रंथालयं, बसगाड्या, रेल्वे यांत बंदी घातली. मग २००३ चा केंद्रीय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम. दोनशे रुपयांपर्यंत दंड. खिडकीचं म्हणाल तर अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ साली स्पष्टच लिहिलं, वारा खेळता ठेवून हा धोका जात नाही. ओढणाऱ्याने बाहेर जायला हवं.

शेवटी एकदा धीर करून म्हटलं, "सायबा, मला धुराचा त्रास होतो." हेडक्लार्क चकित झाले. "अरे, मग आधी सांगायचं नाही?" दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या आवारात जाऊ लागले. मी सहा महिने फुकट खोकलो!

घराच्या उंबऱ्याआत मात्र यातला एकही कायदा येत नाही. आमच्या सोप्यावर बाबा विडी पेटवीत आणि आई शेजारी बसून तांदूळ निवडत असे. जरा अंगणात जाऊन ओढा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.