भोगीचं पान

पोलादपूरच्या वरच्या अंगाला बाजरी पिकत नाही. पावसाचा मारा एवढा, की खाचरात भात आणि वरकस उतारावर नाचणी-वरी, एवढंच पदरात पडतं. तरी माझ्या माहेरी भोगीला भाकरी व्हायची ती बाजरीचीच, वर तीळ थापलेली. बाजरी घाटावरची, गूळही घाटावरचा. आजी सांगायची, तिच्या लहानपणी हा माल वरंध घाटातून लमाणांच्या बैलांवर यायचा आणि इकडून मीठ, सुकी मासळी वर जायची. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटहून गलबतं महाडपर्यंत येत, म्हणून महाड हे बंदरही होतं आणि घाटाखालची पेठही. माझं तर स्पष्ट मत आहे, की आमच्या भोगी-संक्रांतीचं अर्धं ताट या व्यापारानं वाढलेलं आहे.

उरलेलं अर्धं मात्र अस्सल इथलं, आणि त्याचा मान कडव्या वालाचा. भात कापला की खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल टाकायचे. वर पाणी नाही, नुसतं दव. पौषात शेंगा भरतात. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत वांगी, गाजर, हरभरा, शेंगदाणे काय वाटेल ते घाला, वालाच्या शेंगांशिवाय ती आमच्याकडे भाजीच नव्हे. याच शेंगांची पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला; तोंड गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. आता तिच्यात कोंबडी घालून शहरातल्या पाहुण्यांना खिलवतात. खिलवोत बापडे! भांबुर्डा तेवढा विसरू नका, चव त्याची आहे.

पण मला सांगायचंय ते पानाबद्दल. लग्न होऊन महाडात आले तेव्हा सासूबाईंनी पहिली परीक्षा घेतली ती स्वयंपाकाची नव्हे, पान वाढायची. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, वरणावर तूप. यामागे शास्त्रबिस्त्र सांगतात. मला दिसतो तो साधा हिशेब. उजव्या हातानं जेवायचं, तर घासागणिक लागणारं उजवीकडे आणि चिमटीनं चाखायचं ते डावीकडे. पाटापुढे रांगोळीची महिरप, तांब्या-भांडं. सणाला केळ्यात खोचलेली उदबत्ती. पंगत मोठी असली की केळीची पानं पुरत नसत. मग पळसाच्या, कुड्याच्या पानांच्या पत्रावळी. कातकरी बाया पानांचे भारे बाजारला आणत आणि दुपारच्या निवांत वेळी आम्ही सगळ्या जणी पडवीत बसून बारीक काड्यांनी पत्रावळी लावत असू.

मिठाची जागा जितकी काटेकोर ठरलेली, तितकीच पंगतीत कोणी कुठे बसायचं हीदेखील. ज्या बायांच्या हातच्या पानांवर आम्ही जेवत होतो, त्यांना वाढलं जाई अंगणात, सगळ्यांचं झाल्यावर आणि वरून. आजी हे सहज सांगायची, वाईट वाटल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर नसायची.

म्हणून महाडच्या जेवणाचा इतिहास सांगताना मला १९२७ टाळता येत नाही. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ मध्ये झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. २० मार्च १९२७ ला महाडात अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळातही हे शिरणार, अशी हूल उठली आणि जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. परगावची माणसं परतण्याआधी जेवत होती. त्यांचं अन्न मातीत मिसळलं गेलं.

पुन्हा परिषद भरली ती ऐन थंडीत, २५ डिसेंबरला. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले. गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून जवळचं वाटतं ते बाबासाहेबांचं त्याच मुक्कामातलं बायकांपुढचं भाषण. लुगडं कसं नेसावं, दागिने कोणते टाकावेत, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, असं ते चूल सांभाळणाऱ्या बायांशी थेट बोलले. पेहराव आणि ताट यांत मान-अपमान कसा शिजतो, हे त्यांना आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तळ्याचा दावा पुढे मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला.

आता घरोघर डायनिंग टेबल आहे आणि मोठ्या कार्याला चंदेरी कागदी पत्रावळ. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ बुडाली तेव्हा आमच्या माळ्यावरची पितळी ताटं वाचली, पाट मात्र फुगून फुटले. अलीकडे भोगीला सून हौसेनं टेबलावर केळीचं पान मांडते, महिरपीऐवजी झेंडूच्या पाकळ्या ठेवते. छान दिसतं. मीठ भलतीकडे गेलं तर मी अजून सरकवते.

जुन्या पंगतींच्या आठवणी हल्ली पुष्कळ जण लिहितात. त्यांना एवढंच सांगणं आहे, की पानावर काय कुठे होतं ते जरूर लिहा, आणि त्या वेळी अंगणात कोण बसलं होतं, तेही लिहा.