दादा गेल्यावर यतीम नातवाचं काय?

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे दादा वारले. मुलगा सातवीत होता. त्याचे वडील तो लहान असतानाच अपघातात गेले होते, त्यामुळे आई आणि तो दादांच्याच घरात राहायचे. त्याला सायकलवर शाळेत सोडणारे दादा, वह्या आणणारे दादा, पालकसभेत मागच्या बाकावर येऊन बसणारेही दादाच. जनाज्याला खांदा द्यायला त्याची उंची पुरत नव्हती. तरी तो कब्रस्तानापर्यंत जनाज्याला हात लावून चालला आणि सगळ्यांबरोबर त्यानंही तीन मुठी माती दिली.

जियारतच्या दिवशी कुराणखानी झाली, जेवणं झाली आणि मग मंडळी शेतीच्या विषयावर आली. एक जाणते गृहस्थ म्हणाले, "चाचा हयात असताना यतीम पोत्याला हिस्सा नसतो." कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं मला विचारलं, "सर, मग मी दादांचा कोण?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर उशिरा देण्याचा प्रयत्न आहे.

आधी आपल्या सर्वांना ठाऊक असलेली हकिकत. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वडील हजरत अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच वारले. सहाव्या वर्षी आई हजरत आमिना गेल्या. मग दादा अब्दुल मुत्तलिब यांनी नातवाला जवळ घेतलं. काब्याच्या सावलीत त्यांच्यासाठी बैठक अंथरलेली असे. तिच्यावर त्यांची स्वतःची मुलंही बसायला कचरत, पण या नातवाला तिथं मोकळीक होती. नातू आठ वर्षांचा असताना दादाही गेले. त्या दिवशी तो जनाज्याच्या मागे रडत चालला होता, ही आठवण त्याला सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन यांनी सांगितल्याचं सीरतच्या जुन्या ग्रंथांत नोंदलेलं आहे.

आपण मदरशात मुलांना इथपर्यंत सांगतो. पुढची गोष्ट मात्र घाईत सांगून टाकतो. अब्दुल मुत्तलिब यांनी मरण्याआधी नातवाची व्यवस्था लावली होती. त्यांना बरीच मुलं होती. त्यांतल्या अबू तालिब यांच्याकडे त्यांनी नातवाला सोपवलं, कारण अब्दुल्लाह आणि अबू तालिब हे एकाच आईचे भाऊ होते. अबू तालिब श्रीमंत नव्हते, तरी दिलेला शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला. आपल्या माघारी यतीम नातवाचं काय होईल, हा प्रश्न त्या आजोबांनी नशिबावर सोडला नाही.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आपल्या शेजारची आहे. आमच्या धामणगाव बढ्याहून मलकापूरमार्गे बुऱ्हाणपूर फार लांब नाही. 1605 साली तिथं अकबराचा मुलगा दानियाल वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आग्र्याला अकबर अखेरच्या आजारात पडला. दरबारात गादीवरून कारस्थानं चालली होती आणि शहजादा सलीम जिवाच्या भीतीनं वडिलांपासून दूर राहत होता. सलीमचा तेरा वर्षांचा मुलगा खुर्रम मात्र आजोबांच्या उशापासून हलला नाही. दादांचा श्वास चालू आहे तोवर मी जाणार नाही, असं त्यानं घरच्यांना कळवलं. हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला.

दानियालची मुलं मात्र अकबर गेला तेव्हा आधीच यतीम होती. सलीम जहांगीर नावानं गादीवर आला आणि त्यानं या पुतण्यांना बुऱ्हाणपूरहून आपल्याकडे आणवलं. त्यांना चांगलं वागवलं. थोरल्या तहमुरासला तर पुढे जावई करून घेतलं. 1622 मध्ये जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो बुऱ्हाणपुरातच, खुर्रमच्या कैदेत असताना वारला. त्याची मुलंही आता यतीम नातू झाली. जहांगीर होता तोवर सगळे सुरक्षित होते. 1627 मध्ये तो गेला आणि 1628 च्या सुरुवातीला लाहोरात शाहजहानच्या हुकमावरून दानियालचे तहमुरास आणि होशंग, खुसरोचे दावर बख्श आणि गुर्शास्प यांना ठार मारण्यात आलं. शाहजहानचा भाऊ शहरयारही त्यांच्यासोबत मारला गेला.

गादीचा वाद आणि वारसाहक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण आजोबांवर जीव टाकणारा तोच मुलगा मोठेपणी आपल्या यतीम भावंडांचा जीव घेऊ शकला. घरातल्या कर्त्या माणसाच्या मायेनं मिळालेलं संरक्षण त्या माणसाबरोबरच संपतं, एवढं तरी यातून कळतं.

आता जियारतच्या दिवसाकडे वळू. त्या गृहस्थांनी सांगितलेला नियम चुकीचा नव्हता. जवळचा वारस दूरच्याला मागे सारतो, हे फिकहचं सूत्र आहे. मुलगा हयात असेल तर नातू वारस ठरत नाही. सून तर वारसांत येतच नाही. पण ही अर्धीच गोष्ट झाली. शरियतनं वसियतचा दरवाजा उघडा ठेवला आहे. कफन-दफन आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत माणूस वसियत करू शकतो. सुन्नी फिकहनुसार वसियत वारसाच्या नावे चालत नाही, कारण त्याला हिस्सा मिळणारच असतो. यतीम नातू वारस नाही, म्हणूनच त्याच्या नावे ती चालते. नऊ एकराच्या मालकाला तीन एकर नातवाला देता येतात. शिवाय हयातीत हिबा करून, प्रत्यक्ष ताबा देऊन हवं तेवढं देता येतं. वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातलगांना, यतीमांना आणि गरिबांनाही काही द्यावं, असं सूरह निसा सांगते. जियारतला बसलेल्यांपैकी कोणालाच हे आठवलं नाही.

मुस्लिम देशांनी या प्रश्नावर विचार केलेला आहे. इजिप्तनं 1946 च्या कायद्यात 'वाजिब वसियत' आणली. आजोबांनी वसियत केली नसेल तरी एक तृतीयांशाच्या मर्यादेत यतीम नातवंडांना वाटा मिळेल, अशी सोय केली. सीरिया आणि मोरोक्को त्याच वाटेनं गेले. पाकिस्ताननं 1961 च्या अध्यादेशात यतीम नातवंडांना थेट त्यांच्या मयत बापाचा किंवा आईचा हिस्सा दिला. त्यावर उलेमांचे आक्षेप आले आणि वाद आजही आहे. भारतात 1937 चा शरियत कायदा आहे. त्यात अशी काही तरतूद नाही. तरतूद व्हावी की नाही, यावर आपण जरूर चर्चा करू. पण वसियत करायला आज कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. मुस्लिम व्यक्तीची तोंडी वसियतही वैध असते, फक्त ती नंतर सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून ती लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि जमल्यास नोंदवावी.

त्या मुलाचे दादा अधूनमधून म्हणायचे, "पोत्याच्या नावावर काहीतरी करून ठेवायचंय." बाकीच्यांनाही ते माहीत होतं. पण मरणाचा विषय घरात काढणं अशुभ वाटतं, म्हणून कोणी आठवण दिली नाही. सहा महिन्यांनी त्याची आई शाळेत दाखला मागायला आली. ती माहेरी चालली होती. मुलगा दाराशी उभा होता. मी त्याला एक पेन दिला, दुसरं काय देणार?

ज्यांच्या घरात असा नातू किंवा नात आहे, त्या बुजुर्गांना माझी हात जोडून विनंती आहे. जुम्माच्या नमाजनंतर इमामसाहेबांशी बोला, एखाद्या वकिलाला विचारा आणि कागद करून ठेवा. तुमच्या माघारी लेकरू रडेलच, पण निदान त्याला घर सोडून जावं लागणार नाही.