पेडणे-डिचोलीतील महाविद्यालयीन फुटबॉल

गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ साली बार्देशातील शिवोली येथे त्यांनी हा खेळ आणला. शिवोलीच्या पलीकडे शापोरा नदी आणि नदीपार पेडणे तालुका. अंतर एका फेरीबोटीचे. तरीही फुटबॉलला हे पात्र ओलांडून स्थिरावण्यास दीर्घ काळ लागला.

जुन्या आणि नव्या काबिजादी

बार्देश, तिसवाडी व सासष्टी या जुन्या काबिजादीत चर्च आणि त्यांच्याशी संलग्न शाळांनी फुटबॉलचा प्रसार केला. पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तेथे अशा शाळांचे जाळे विरळ होते. गावचे सामाजिक जीवन देवस्थान, जत्रा, भजन व दशावतार यांभोवती गुंफलेले होते. त्यामुळे या भागात फुटबॉल पोहोचला तो मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरून.

महाविद्यालयीन शिक्षणाची सोयच गोव्यात मुक्तीनंतर झाली. १९६२ साली पणजी आणि मडगाव येथे पहिली महाविद्यालये सुरू झाली; १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय, साखळीचे शासकीय महाविद्यालय आणि डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय यांमुळे या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांना घराजवळ पदवीशिक्षण मिळू लागले.

हंगामाची रचना

जून-जुलैत शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा मैदाने पाण्याने भरलेली असतात. प्रवेशप्रक्रिया, निवड चाचणी, सराव आणि सत्र परीक्षा यांच्या फटीत संघ बांधावा लागतो. आंतरमहाविद्यालयीन सामने सामान्यतः बाद पद्धतीने होतात. परिणामी, काही आठवड्यांच्या सरावानंतर एखाद्या संघाचा संपूर्ण हंगाम नव्वद मिनिटांत आटोपू शकतो. दरवर्षी अंतिम वर्षाचे खेळाडू बाहेर पडत असल्याने प्रशिक्षकाला बचावफळीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

या सामन्यांतील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. तेथे वरचे स्थान मिळाल्यास अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या संघातील गुणी खेळाडूला मात्र निवडकर्त्यांच्या नजरेत भरण्यासाठी एकच सामना मिळतो.

खाण आणि चेंडू

गोव्याच्या फुटबॉलला खाण उद्योगाचा मोठा आधार लाभला. धेंपो आणि साळगावकर हे देशविजेते संघ खाण व्यवसायातील घराण्यांचे. धेंपोने राष्ट्रीय लीग व आय-लीग मिळून पाच वेळा विजेतेपद पटकावले. लोहखनिजाच्या डिचोली तालुक्याशी सेझा कंपनीचे नाते जुने. १९९९ मध्ये तिने सेझा फुटबॉल अकादमी स्थापन केली आणि तिच्यातून अनेक व्यावसायिक खेळाडू घडले.

२०१२ साली खाणी थांबल्या. अंशतः पुन्हा सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. दरम्यान २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी प्रस्तावित लीगरचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली. ज्याच ओघाने क्लबांना पैसा आणि खाणपट्ट्यातील घरांना रोजगार मिळत होता, तो आटला. अशा काळात, कोवळ्या वयात अकादमीच्या निवडीतून सुटलेल्या मुलासाठी महाविद्यालयीन संघ ही नजरेत येण्याची उरलेली मोजक्या संधींपैकी एक ठरते.

पुढची वाट

गोव्याने संतोष चषक पाच वेळा जिंकला आहे. १९८२-८३ चे पहिले जेतेपद बंगालसोबत संयुक्त होते. २०१२ मध्ये राज्य शासनाने फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा दिला. हा दर्जा पेडणे-डिचोलीपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचवायचा असेल, तर बाद पद्धतीऐवजी गटवार साखळी सामने हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. चार संघांच्या गटात प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात. सरावानंतर घरी पोहोचवणारी बस, पावसाळ्यात निचरा होणारे मैदान आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशी जुळणारी स्पर्धा एवढी जोड मिळाली, तरी या तालुक्यांतील खेळाडूंचा हंगाम एका दुपारीच संपणार नाही.