कच्ची वही, पक्की वही

सुरतेच्या रिंग रोडवरील कापड बाजारात मी छत्तीस वर्षे नामे लिहिले. अमळनेरकडून आलेला माणूस असूनही दुकानात सगळे मला ‘मेहताजी’च म्हणत. दिवाळीला शेठ चोपडापूजन करीत. लाल कापडी बांधणीच्या वह्या पाटावर मांडायच्या, पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक काढायचा, ‘शुभ लाभ’ लिहायचे, हा क्रम मी पहिल्या वर्षीपासून पाहिला. पुढे हिशेबाचे वर्ष मार्चअखेरीला गेले आणि वह्या संगणकात गेल्या, पण पूजन राहिले. वह्यांच्या शेजारी लॅपटॉप आला, त्याच्याही झाकणावर कुंकू लागले.

एका दिवाळीला शेठच्या मुलाने आपला टॅबलेट पाटावर ठेवला. शेठने तो हळूच उचलून बाजूला सारला आणि म्हणाले, ‘‘आ तो जोवानुं छे, लखवानुं नथी.’’ हे पाहायचे आहे, लिहायचे नाही. तेव्हा मी हसलो होतो. पण टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का, हा प्रश्न पुढे माझ्याच घरात येऊन उभा राहिला, तेव्हा ते वाक्य मला आठवायला हवे होते. ते आठवले नाही.

नव्या साधनाचे कौतुक आणि त्याचा अपेक्षाभंग, दोन्ही सुरतेला जुने आहेत. सुरत म्हटले की आपल्या मराठी घरांत शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात, १६६४ ची आणि १६७० ची. त्याच १६७० साली इथले व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे एक निराळेच मागणे केले. आपल्याला एक छापखाना आणि एक जाणता मुद्रक द्या, ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापायचे आहेत. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणकलेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकीकत दिली आहे. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागद घेऊन आला. पण त्याला छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते. यंत्र होते, शाई होती, भीमजींची थैली मोकळी होती. नव्हती फक्त आपली अक्षरे. भीमजींनी स्वतःच्या माणसांकडून खटपट करवून पाहिली, तरी तो उद्योग पुढे गेला नाही. गुजराती मुद्रणाला पुढे अठराव्या शतकाची अखेर आणि मुंबई गाठावी लागली.

यातून मी एवढेच घेतो, की साधन घरात आले म्हणजे काम झाले असे नसते. आपले अक्षर त्यात किती सहज उमटते, हे पाहावे लागते.

आमच्या धंद्यात वह्या दोन असत. एक कच्ची, म्हणजे दिवसभराच्या गडबडीत गल्ल्यापाशी उभ्याउभ्या टिपण्याची. दुसरी पक्की, म्हणजे रात्री मांडी घालून, मेळ जमवून लिहायची. कच्चीवाचून धंदा चालत नसे, आणि पक्कीवाचून धंदा टिकत नसे. नवशिका पोऱ्या विचारी, ‘‘एकच वही का नको?’’ त्याला उत्तर एकच असे: एक महिना चालवून बघ.

टॅबलेटचा इतिहासही याच दोन वह्यांचा आहे. १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी पुस्तकाएवढ्या संगणकाची कल्पना मांडली आणि त्याला ‘डायनाबुक’ असे नाव दिले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांच्या चित्रात पडद्याखाली कळफलक होता. मुलाने नुसते पाहू नये, स्वतः रचावे, हा त्यांचा हेतू. २००१ च्या नोव्हेंबरात बिल गेट्स यांनी लेखणीने चालणारा टॅबलेट दाखवून भाकीत केले, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा संगणक हाच असेल. तसे झाले नाही. २०१० साली आयपॅड आला. स्टीव्ह जॉब्स म्हणाले, संगणक यापुढे ट्रकसारखे होतील. राहतील, पण थोड्यांनाच लागतील. २०१४ च्या सुमारास टॅबलेटची विक्री शिगेला पोहोचली आणि मग उतरली. मोबाइलचे पडदे मोठे झाले, आणि आपल्याकडे तर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आल्यावर पाहण्याचे सारे काम मोबाइलनेच उचलले. इकडे टॅबलेटला जोडायचे कळफलक निघाले, २०१५ साली खुद्द आयपॅडलाही कळफलक आणि लेखणी आली. लॅपटॉपची जागा घ्यायला निघालेला टॅबलेट शेवटी लॅपटॉपसारखा दिसू लागला.

आपल्या सरकारांनाही याचा मोह पडला. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट निघाला. स्वस्त विद्यार्थी-संगणक म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण पहिल्या आकाशाचा पडदा बोटाने दाबावा लागे. त्याच वर्षी तमिळनाडूने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. गुजरातने २०१७ साली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना हजार रुपयांत टॅबलेट दिला. एका राज्याने पक्की वही दिली, दुसऱ्याने कच्ची.

त्या २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला आणि सुरतेचा कापड बाजार विरोधात बंद राहिला. बाजार उघडला तो प्रत्येक गाळ्यात संगणक लागणार हे ठरवूनच. मला रात्री दहापर्यंत बसावे लागे. त्याच वर्षी माझ्या धाकट्या मुलीला तो टॅबलेट मिळाला. आमच्या उधन्याच्या दोन खोल्यांत पेढे वाटले गेले. हजार रुपयांत संगणक आला, असे मी चारचौघांत सांगितले.

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, ‘‘अप्पा, लॅपटॉप लागेल.’’ मी म्हणालो, ‘‘मग हे काय आहे?’’ तिने समजावले. प्रकल्प लिहायचा आहे, आकडे मांडायचे आहेत, अर्धा पडदा कळफलकच खातो. मी ऐकले नाही. दिवसभर पक्की वही लिहिणारा मी, मुलीला मात्र कच्चीवर भागव म्हणालो. तिने तीस पाने काचेवर बोटाने लिहिली. छपाईच्या दुकानात ती उघडली तेव्हा तक्ते विस्कटले होते, जोडाक्षरे फुटली होती. रात्री अकरापर्यंत ती त्या दुकानात उभी राहून पुन्हा टंकित करीत होती आणि मी दाराशी स्कूटरवर बसून होतो. परतताना ती एक शब्दही बोलली नाही. त्या आठवड्यात मी जुना लॅपटॉप घेतला. सहा हप्त्यांत पैसे फेडले.

त्या लॅपटॉपवर तिने मला एक गंमत दाखवली, जी तुमच्या-माझ्यासारख्या दोन भाषांच्या घरांना फार जवळची वाटेल. भारत सरकारने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजरातीचा ‘क’. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. एका लिपीत बोटे बसली की दुसरी फुकट. शाळेत मराठी आणि कॉलेजात गुजराती शिकलेल्या मुलीला याहून मोठे वतन कोणते? दुकानात गुजराती आणि घरी अहिराणी-मराठी अशी माझी जन्मभर ओढाताण झाली. तिच्या बोटांखाली दोन्ही एकाच जागी नांदत होती. काचेवर मात्र न पाहता बोट ठेवता येत नाही, कारण काचेला कळ नसते, ठसा नसतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोय तिथे आहे, दोन ओळींच्या निरोपाला ती पुरते. तीस पानांना नाही.

म्हणून टॅबलेट टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. बाजारातला दलाल त्याच्यावर साड्यांचे नमुने दाखवतो, आणि शंभर गाठोडी सोडण्याचे त्याचे कष्ट वाचतात. माझी पत्नी त्याच्यावर कीर्तन ऐकते, अक्षर मोठे करून पोथी वाचते. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या तीन मुलांची मराठी शाळा त्याच टॅबलेटवर भरली. ज्या घरात काहीच नव्हते, त्या घरात कच्ची वहीसुद्धा दिवा ठरली.

पण मुलांना काय द्यायचे हे ठरवताना किंमत पाहण्याआधी एक विचारावे: हे मूल याच्यावर नुसते पाहणार आहे, की लिहिणारही आहे?

मुलगी आता नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत घरी पूजेला तिने लॅपटॉप ठेवला, आणि शेजारी तो जुना टॅबलेटही. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘‘राहू द्या अप्पा, दोन्ही वह्याच आहेत.’’

मी दोन्हींवर कुंकू लावले.